माझंच कायतरी चुकलं असंल: डेअरीचं ॲप आणि माणसाचं डोकं

सातवी_गल्ली
रविवार, रात्री १०:२०

गेले चार महिने करवीर तालुक्यातल्या एका छोट्या दूध संस्थेचं ॲप करतोय. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडं वाईटही लिहायचंय. काम साधं आहे. सभासदानं दूध घातलं की त्याच्या मोबाइलवर लिटर, फॅट (दुधातला स्निग्धांश), एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम दिसावी आणि दर दहा दिवसांचं बिल बघता यावं. पहिली आवृत्ती कोल्हापूर शहरात, राजारामपुरीत खोलीत बसून केली. रंग झकास, आलेख झकास, दोस्तांनी 'नाद खुळा' म्हणून पाठ थोपटली. मग एका पहाटे सहाला डेअरीच्या कट्ट्यावर जाऊन उभा राहिलो आणि चार महिन्यांचा पार चिखल झाला.

पहिल्याच काकू. साठीच्या पुढच्या, घरात दोन म्हशी, हातात किटली, कमरेला खोचलेला मुलाचा जुना मोबाइल. दूध मापून झालं, फॅट मशीनवर आकडा आला, मी ॲप उघडून पुढं धरलं. रकमेचा आकडा मी अंगठ्याएवढा केला होता. माणसाला पैसेच बघायचे असणार, असं माझं गणित. काकूंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "पैसं ऱ्हाऊ दे बाळ, फॅट दाव."

फॅट खाली, बारीक अक्षरात, करड्या रंगात होती.

नंतर चहा पिताना त्यांनीच समजावलं. रक्कम म्हणजे नुसता गुणाकार. फॅट ही म्हशीची खबर. वैरण बदलली का, पेंड मानवली का, म्हैस आटत आली का, आणि मुख्य म्हणजे आज मशीन नीट चाललंय का, हे सगळं त्या एका आकड्यात कळतं. काल सात लागली आणि आज सहा, तर घरी जाऊन आधी गव्हाणीत बघायचं. आम्ही डिझाइनवाले 'महत्त्वाचं ते मोठं' हे घोकून येतो. महत्त्वाचं कुणाला, हे विचारायचं राहून जातं.

दुसरी चूक रंगाची. फॅट कालच्यापेक्षा कमी आली की आकडा लाल होत होता. एक काका लाल आकडा बघून थेट सेक्रेटरीकडं भांडायला गेले, "माझं दूध परत का केलं?" लाल म्हणजे नापास, लाल म्हणजे परत. त्यांचं बरोबरच होतं.

पण ज्यासाठी धागा काढला ती गोष्ट तिसरी. काकूंनी बिल उघडलं, परत यायला मागचं बटन दाबलं आणि ॲप बंदच झालं. मागचं बटन दाबल्यावर पहिल्या पानावर न्यायचं सोडून मी थेट बाहेर काढत होतो. चूक शंभर टक्के माझी. काकूंनी फोन पदराला पुसला, माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "माझंच कायतरी चुकलं असंल."

डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं, त्यात नेमकं हेच आहे. दार उघडलं नाही तर माणूस दाराला नाही, स्वतःला दोष देतो. मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पदराला पुसलेला फोन हातात आल्यावर कळलं.

तुमच्या बघण्यात असलं काही आहे का? डिझाइनवाले असा वा नसा, लिहा.

---

तांबडा_जास्त
रविवार, रात्री १०:४१

पहिला नंबर आपला! काकूंना दंडवत. माझी आई ॲपमध्ये काही अडलं की फोन बंद करून देवासमोर ठेवते. अर्ध्या तासानं चालू होतो म्हणे.

---

कोडकरी
रविवार, रात्री ११:०५

मूळचा शाहूपुरीचा, सध्या पुण्यात. लेख आवडला, पण हे सगळं टाळता आलं असतं. नियम तयार आहेत. हिकचा नियम: पर्याय वाढले की निवडीला वेळ लागतो. फिट्सचा नियम: बटन मोठं आणि जवळ असलं की बोट पटकन पोचतं. मिलरचा नियम: मेनूत सातपेक्षा जास्त गोष्टी नकोत. एवढं पाळलं तरी ऐंशी टक्के काम झालं.

---

निवांत_रंकाळा
सोमवार, सकाळी ७:१५

कोडकरी, थोडं थांबा. मी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं, त्यामुळे मिलर साहेबांची बाजू घेणं भाग आहे. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा लेख तात्पुरत्या स्मरणात किती तुकडे धरून ठेवता येतात याबद्दल आहे. मेनू काय पाठ करायचा असतो? तो डोळ्यासमोरच असतो. सातचा आकडा तिथं लावणं म्हणजे पोहायचा नियम सायकलीला लावणं. शिवाय २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. ओटीपी एका पडद्यावर वाचून दुसऱ्या पडद्यावर टाकायचा असेल तिथं हे लागू होतं, म्हणून सहा आकडे तीन-तीन करून दाखवले तर बरं पडतं.

हिक यांचं काम १९५२ चं, पुढच्या वर्षी हायमन यांनी ते पुढं नेलं. पर्याय दुप्पट केले म्हणून वेळ दुप्पट होत नाही, दर दुपटीला साधारण सारखीच भर पडते, हा त्यातला गाभा. तोही दिवा लागला की बटन दाब, अशा प्रयोगातला. रीतसर लावलेल्या यादीत आपलं गाव शोधणं हा प्रकारच वेगळा. फिट्स यांचा १९५४ चा नियम मात्र खणखणीत आहे, त्याला माझा नमस्कार.

पर्यायांबद्दल लोक जॅमचा प्रयोग सांगतात. २००० साली अय्यंगार आणि लेपर यांनी दुकानात कधी २४ तर कधी ६ जॅम चाखायला मांडले. थांबलेल्यांपैकी २४ च्या टेबलावर ३ टक्क्यांनी घेतलं, ६ च्या टेबलावर ३० टक्क्यांनी. ऐकायला भारी. पण २०१० मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. कधी जास्त पर्याय त्रास देतात, कधी नाही. 'कधी' हेच शोधायचं असतं आणि ते पुण्यात बसून सापडत नाही. (पुण्यावर राग नाही.)

---

तांबडा_जास्त
सोमवार, सकाळी ९:३०

सर, आमच्या मिसळवाल्याकडं मेनूच नाही. बसलं की मिसळ येते. विचारायचं तर एवढंच, "कट वाढू?" पन्नास वर्षं दुकान चाललंय, हिक साहेब कुठं भेटले नाहीत त्यांना.

---

निवांत_रंकाळा
सोमवार, सकाळी ९:५२

ते तर आणखी पुढचं शास्त्र आहे. न मागता जे समोर येतं तेच बहुतेक जण घेतात. २००३ मध्ये जॉन्सन आणि गोल्डस्टीन यांनी अवयवदानाबद्दल हेच दाखवलं. जिथं माणूस आपोआप दाता धरला जातो आणि नको असेल तर त्यानं कळवायचं असतं, त्या देशांत नोंदलेली संमती कितीतरी जास्त. माणसं तीच, फॉर्मवरची खूण उलटी. म्हणून ॲपमध्ये जी खूण आधीच केलेली असते, तिची जबाबदारी करणाऱ्यावर.

---

रवेवाला
सोमवार, दुपारी १:१०

आमचा गुळाचा धंदा, शाहूपुरीत अडत. हिशेबाला एका पोराकडनं ॲप करून घेतलं. वडील सत्तरीचे. कॅल्क्युलेटरवर त्यांची बोटं अशी चालतात की नजर गिऱ्हाइकावर आणि हात आकड्यावर. सौदा चालू असताना त्यांनी ॲपमध्ये भाव टाकला सदतीसशे. बिलात पडले एक्क्याण्णवशे!

पोरगं म्हणालं, आजोबांचं वय झालं. वडील तेच म्हणाले, "डोळं गेलं आता माझं." दोन दिवस कुणी त्यांना हिशेबाला बसू दिलं नाही. मग माझ्या बायकोनं कॅल्क्युलेटर आणि फोन शेजारी ठेवले. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत ७-८-९, फोनवर वरच्या ओळीत १-२-३. म्हणजे तीनच्या जागी बोट गेलं तिथं नऊ, सातच्या जागी गेलं तिथं एक. पुढची शून्यं त्यांनी बघून दाबली, ती बरोबर. डोळे ठणठणीत, बोटं पन्नास वर्षांच्या सवयीची.

माझा प्रश्न असा की हे दोन उलटे का? कुणी मुद्दाम केलं का?

---

सातवी_गल्ली
सोमवार, दुपारी २:४५

रवेवाला, यापुढं भाषणात पहिलं उदाहरण हेच देणार, परवानगी असेल तर.

उलटे का, तर कॅल्क्युलेटरचा वारसा जुन्या हिशेबाच्या यंत्रांचा, तिथं मोठे आकडे वर. फोनला तेव्हा गोल तबकडी होती. बटनांचा फोन करायचा ठरला तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डायनिंजर नावाच्या संशोधकानं बटनांच्या बऱ्याच मांडण्या माणसांकडून दाबून घेतल्या, गोल, आडव्या, उभ्या, सगळ्या. त्याचा अहवाल १९६० चा. गंमत म्हणजे बऱ्याच मांडण्यांत वेगाचा फरक फार नव्हता. शेवटी वर १-२-३ आणि तळाला शून्य ही मांडणी घेतली आणि १९६३ मध्ये असे फोन बाजारात आले. त्या प्रयोगातल्या माणसांना फोन लावायचा होता, गुळाचा सौदा करायचा नव्हता.

तुमच्या पोराला सांगा, भाव आणि वजन टाकायच्या जागी फोनचा कीपॅड न आणता स्वतःचा कॅल्क्युलेटरसारखा कीपॅड काढायचा. फार तर एका दिवसाचं काम. आणि टाकलेला भाव कालच्या भावाच्या दुप्पट असेल तर एकदा विचारायचं, "भाव एक्क्याण्णवशे, बरोबर?" अक्षरात. आकडा परत आकड्यातच दाखवला तर नजर घसरते, अक्षरात वाचावा लागतो.

---

काउंटर_नंबर_तीन
सोमवार, रात्री ८:२०

मी बँकेत काउंटरला असते. बँक कुठली ते विचारू नका. रोज दोन-चार जण फोन पुढं करतात, "मॅडम, हे काय म्हणतंय बघा." पडद्यावर असतं: 'आपले सत्र कालबाह्य झाले आहे.' एका आजोबांनी मला विचारलं, "कुणाचा काळ आला?" हसू नका, ते घाबरले होते. 'बराच वेळ काही केलं नाही म्हणून बंद केलंय, पैसे जागेवर आहेत, परत उघडा' एवढं लिहायला काय जातं?

दुसरं: 'व्यवहार रद्द करू इच्छिता?' खाली दोन बटनं, 'रद्द करा' आणि 'होय'. आता 'रद्द करा' दाबलं तर व्यवहार रद्द होणार की रद्द करणं रद्द होणार? मी बारा वर्षं नोकरीत, मला दोनदा वाचावं लागतं.

तिसरं गंभीर. युपीआय २०१६ मध्ये आलं, तेव्हापासून सांगून घसा बसला की पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही. तरी जुनं फर्निचर विकायला काढलेला माणूस 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हटल्यावर टाकतो. आधी मला वाटायचं हा निष्काळजीपणा. मग एका बाईंनी सांगितलं, "मॅडम, पैसे पेटीत ठेवायचे तर पेटीला किल्ली लावायला लागतीच की." त्यांच्या डोक्यात खातं म्हणजे कुलपाची पेटी आणि पिन म्हणजे किल्ली. उघडायलाही तीच, ठेवायलाही तीच. त्यांचं तर्कशास्त्र चोख होतं. पिनच्या पानावर 'तुमच्या खात्यातून पैसे जाणार' हे किल्लीपेक्षा मोठं दिसायला हवं होतं.

---

कोडकरी
सोमवार, रात्री ९:०२

पेटी-किल्लीला +१००. नियमांबद्दलचं माझं बोलणं निम्मं मागं घेतो.

एक माझ्याकडून. मुख्य काम झाल्यावर लोक पुढची पायरी विसरतात, याला 'पोस्ट-कम्प्लीशन एरर' असं नाव आहे. बर्न आणि बोव्हेर यांनी १९९७ मध्ये त्यावर काम केलं. मुख्य काम फत्ते झालं की डोकं दुकान बंद करतं. एटीएममध्ये आधी पैसे आणि मग कार्ड मिळालं तर लोक पैसे घेऊन चालू लागतात, कार्ड आत. म्हणून आधी कार्ड काढायला लावायचं, मग नोटा. माणसाला 'विसरू नका' अशी पाटी लावण्यापेक्षा क्रम बदललेला बरा.

---

प्रश्नचिन्ह
सोमवार, रात्री ११:३०

मी शिवाजी विद्यापीठात मानसशास्त्रात एमए करते. या क्षेत्रात यायचं तर चित्रकला, कोडिंग लागतं का? आणि सातवी_गल्ली, तुम्ही ताई की दादा? 'उभा राहिलो' लिहिलंय, पण 'बाळ' म्हणणाऱ्या काकू तुमच्याशी पदर-पेंडीच्या गप्पा मारतात म्हणून विचारलं.

---

सातवी_गल्ली
मंगळवार, सकाळी ८:०५

ताई. आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, सवयीनं तसंच लिहिलं. पुण्याच्या मुलाखतीत याच्यावरनं एकदा हसू झालंय, सोडा.

कोडिंग लागत नाही. चित्रकला थोडी, चौकोन काढता येण्यापुरती. तुमच्याकडं आहे ते आम्हाला मिळत नाही, म्हणजे माणसासमोर गप्प बसायची तालीम. पहिल्या वर्षी मी काकांना विचारायचो, "आवडलं का ॲप?" कोल्हापुरात हा प्रश्न विचारायचाच नाही. पाहुणा दारात आलाय, त्याला वाईट कोण म्हणणार? "लई भारी" म्हणतात, वर चहा पाजतात आणि तुम्ही निघालात की ॲप काढून टाकतात. त्याऐवजी काम द्यायचं, "गेल्या बुधवारची संध्याकाळची फॅट काढून दाखवा", आणि तोंड बंद ठेवून अंगठ्याकडं बघायचं. अंगठा हवेत थांबला की समजायचं तिथं खड्डा आहे.

पुस्तकात म्हणतात, माणसाला मोठ्यानं विचार बोलायला सांगा. मी सांगितलं, तर एक काका म्हणाले, "मी काय येडा हाय का एकटाच बडबडायला?" मग जोडी बसवायला लागलो. सासू-सून, नवरा-बायको, शेजारी. सासू विचारते, सून दाबते, दोघी भांडतात आणि मला सगळं ऐकायला मिळतं.

किती माणसं बघायची, तर वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकब निल्सन यांनी २००० साली लिहिलं की पाच जणांत बहुतेक मोठे खड्डे सापडतात. माझा अनुभव तोच. फक्त पाचही जण राजारामपुरीतले नकोत.

---

पंचगंगा_काठ
मंगळवार, सकाळी १०:४०

पुराचं कुणीच लिहिलं नाही? २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या घरात पाणी होतं. त्या दिवसांत माहितीचे नकाशे, रंगीत आलेख, टक्केवाऱ्या, सगळं फोनवर यायचं. बघायचं कोण? पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, एवढंच सगळा गाव विचारत होता. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे शाळेतल्या पोराला पाठ. आणि दुसरा प्रश्न, "चढतंय का उतरतंय?" तिसरा, "कुंभार गल्लीत आलं का?"

आमच्या गल्लीतल्या एका मुलानं रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकायचा नेम धरला. फूट-इंच, आणि 'चढ' किंवा 'उतार'. मोठी अक्षरं, चित्र नाही. बॅटरी बारा टक्के, पावसात भिजलेला फोन, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात आजी. त्या अवस्थेत वाचता येईल तेवढंच त्यानं लिहिलं. तुम्ही लोक बहुधा खुर्चीत बसलेल्या माणसासाठी डिझाइन करता.

---

निवांत_रंकाळा
मंगळवार, सकाळी ११:२०

पंचगंगा_काठ, तुमच्या प्रतिसादाला वाचनखूण. भीतीत माणसाची नजर अरुंद होते, तिथं एक आकडा आणि एक दिशा पुरे. कुंभार गल्ली हा तर खरा नकाशा. तो प्रत्येकाच्या डोक्यात आधीच छापलेला आहे.

---

रवेवाला
मंगळवार, दुपारी १२:५०

मानसशास्त्र वापरून लुटायचंही काम चाललंय, त्याचं काय? परवा तिकीट काढताना विम्याची खूण आधीच केलेली. काढायला गेलो तर बटन म्हणतंय, 'नको, मला कुटुंबाची काळजी नाही.' अरे तू कोण मला विचारणारा?

---

कोडकरी
मंगळवार, दुपारी १:३५

याला डार्क पॅटर्न म्हणतात. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरनं २०१० मध्ये नाव दिलं. आपल्याकडं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार दिलेत. खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, लाजवून हो म्हणायला लावणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, सुरू करायला सोपी आणि बंद करायला अवघड वर्गणी, हे सगळे त्यात आहेत. तुमच्या एकाच तिकिटात त्यातले दोन बसतात.

पण एक सांगू? महाद्वार रोडवरचा दुकानदारही 'शेवटचा पीस आहे ताई' म्हणतोच की. ते चालतं?

---

काउंटर_नंबर_तीन
मंगळवार, दुपारी ४:१०

चालतं, कारण तिथं मी तोंड वाकडं करून चार पावलं पुढं जाऊ शकते आणि तो मागनं हाक मारतो. दोघांनाही खेळ माहीत असतो. ॲपला तोंड वाकडं केलेलं दिसत नाही.

---

सातवी_गल्ली
मंगळवार, रात्री ९:४५

आता ते वाईट लिहायचं राहिलेलं लिहितो.

दहा दिवसांच्या बिलात कपाती असतात. पशुखाद्य, ॲडव्हान्स, शेअर, असल्या. संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "कपात एवढी समोर कशाला? खाली कुठंतरी 'अधिक पहा'त घाला. लोक उगाच पेटतात." त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेलं हेच आहे, शंभर रुपये आल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख मोठं. कपातीची ओळ बघितली की माणूस खरंच पेटतो.

मी दोन रात्री त्यावर घालवल्या. पळवाट पण सुचली होती. कानेमन यांचा १९९३ चा थंड पाण्याचा प्रयोग आहे. हात १४ अंशाच्या पाण्यात ६० सेकंद, किंवा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशावर येतं. परत कुठला प्रकार करणार विचारलं तर बहुतेकांनी लांबलेला निवडला. एकूण त्रास जास्त, पण शेवट जरा बरा. म्हणजे कपात वर घेऊन हातात पडणारी रक्कम शेवटी ठळक दाखवली, तर काहीही न लपवता बिल सुसह्य होतं. मांडणी तशी केली. एकूण, मग प्रत्येक कपात कारणासह, म्हणजे 'पशुखाद्य, २ पोती, अमुक तारीख', मग हाती येणारी रक्कम. लपवायला नकार दिला. त्यावरून बोलणी झाली, माझा दुसरा हप्ता अजून अडकलाय.

विचारायचं ते हे. शेवट गोड करणं ही पण हातचलाखीच का?

---

निवांत_रंकाळा
बुधवार, सकाळी ७:३०

मी वर्गात असा निकष सांगायचो: जे केलंत ते काकूंना उघड सांगता येईल का? 'रक्कम शेवटी ठेवली, म्हणजे तुम्हाला आधी हिशेब कळावा' हे सांगता येतं. 'कपात खाली घातली, म्हणजे तुम्ही पेटू नये' हे सांगून बघा.

---

कोडकरी
बुधवार, सकाळी ९:१५

सर, निकष चांगला, पण पुरत नाही. कंपनीत सगळेच सगळं समर्थनीय करून सांगतात, मीही सांगितलंय. मी विचारतो, उलट जायची वाट तेवढीच सोपी ठेवली का? घ्यायला एक टिचकी, तर सोडायलाही एकच. हे मोजता येतं, त्यात शब्दांचा खेळ चालत नाही.

---

तांबडा_जास्त
बुधवार, सकाळी ९:४०

सातवी ताई, दुसरा हप्ता मिळेपर्यंत मिसळ माझ्याकडनं.

---

पेठेतली_सून
बुधवार, दुपारी ३:००

पहिल्यांदाच लिहितेय. अवांतर वाटेल. मराठी ॲपमध्ये वेलांट्या कापल्या जातात, ते कुणाच्या डोक्यातलं? बटनावर 'खर्च' लिहिलेलं, पण वरचा रफार गायब, 'खच' झालेलं. सासूबाई विचारतात, खच म्हणजे कसला?

---

सातवी_गल्ली
बुधवार, रात्री ८:५०

अजिबात अवांतर नाही. इंग्रजी अक्षरांच्या मापानं बटनाची उंची ठरवली जाते. आपल्याला वर मात्रा-रफार आणि खाली उकार, दोन्हीकडं जागा लागते. ओळीची उंची वाढवली की सुटतं. मी स्वतः 'वर्षाचा फरक'चा 'वषाचा' केला होता.

आज सकाळी नवी आवृत्ती घेऊन परत कट्ट्यावर गेलो. फॅट सगळ्यात मोठी, पावतीवर असतो त्याच क्रमानं लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. लाल रंग काढला, फक्त कालच्या तुलनेत वर किंवा खाली बाण. मागचं बटन दाबलं की पहिलं पान. तिथनं परत दाबलं तर 'बाहेर जायचं?' आणि खाली 'हो, बाहेर' आणि 'नको, इथंच'.

त्याच काकू होत्या. फॅट बघितली, बिल उघडलं, पशुखाद्याची दोन पोती बघून म्हणाल्या, "ह्यो हिशेब बरोबर हाय, पन तिसरं पोतं म्या परत केल्यालं, ते कुठं दिसंना?" सेक्रेटरींनी वही काढली. तिसरं पोतं वहीत परत आल्याची नोंदच नव्हती. अर्धा तास गलका. काकू हटल्या नाहीत, फोन पुढं धरून उभ्या. यावेळी 'माझंच चुकलं असंल' नाही म्हणाल्या.

जाताना मला एवढंच बोलल्या: संध्याकाळी फोन नातवाकडं असतो, नातू साडेपाचनंतर क्लासला जातो आणि संध्याकाळचं दूध घालायची वेळ सहाची. "मग सांच्याची फॅट मला कोन दावणार?" डेअरीच्या भिंतीवर एक पडदा लावून कोड नंबरनुसार आकडे दाखवावेत का, असा विचार चाललाय. पण मग प्रत्येकाची फॅट सगळ्या गावाला दिसणार. कुणी असं केलंय का कुठं?

---

रवेवाला
बुधवार, रात्री ९:२०

भिंतीवर नको. आमच्याकडं सौद्याच्या वेळी भाव हातावर रुमाल टाकून, बोटं दाबून सांगायची जुनी रीत वडील अजून सांगतात. सगळ्यांसमोर, पण दोघांनाच कळणारी. डेअरीत छापील पावती अजून मिळते ना? तिच्यावरची फॅट मोठ्या अक्षरात छापायला सांगा.